चोच, पाय आणि डोळा : नागपूरच्या तलावांवर आणि झुडपी जंगलात

नागपूरला पक्षी पाहायला चाललो आहोत असे सांगितले की समोरचा माणूस हमखास पेंच आणि ताडोबाची चौकशी करतो. शहराच्या वेशीवरचे तलाव, उमरेडकडचे पाणथळ पट्टे आणि गोरेवाड्याचे झुडपी जंगल हिवाळ्यात पक्ष्यांनी किती गजबजलेले असते, याची विदर्भाबाहेर फारशी चर्चा होत नाही. जानेवारीच्या अखेरीस आम्ही तिघे मित्र नाशिकहून तिकडे गेलो, तेव्हा यादी वाढवण्याचा विचार मनात नव्हता. पक्षीनिरीक्षकांच्या वह्यांमध्ये नुसतेच ‘बगळा’, ‘तुतारी’ किंवा ‘पिंगळा’ असे लिहून सोडलेल्या नोंदी पुष्कळ असतात, आणि त्या नोंदींना पूर्ण नाव द्यायचे तर शरीराच्या कोणत्या खुणा पाहाव्यात, हे निवांतपणे शिकून घ्यायचे होते.

आमचे यजमान धरमपेठेत राहणारे निवृत्त विज्ञान-शिक्षक. त्यांना सगळेच ‘सर’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. पहिल्याच संध्याकाळी चहा घेताना त्यांनी एक नियम घालून दिला. पक्षी दिसताच नाव उच्चारायचे नाही. आधी चोच, मग पाय, मग डोळा आणि त्याभोवतीची कातडी, त्यानंतर बांधा व बसण्याची ढब, आणि रंग सर्वांत शेवटी. रंग वयाप्रमाणे बदलतो, ऋतूप्रमाणे बदलतो आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तर दर घटकेला बदलतो. चोचीचा आकार, जबड्याची रेघ, पायाची बोटे यांचे तसे नसते. “नाव काही उडून नाही जात जी,” सर म्हणाले, “पक्षी उडून जातो. आधी त्याला पाहून घ्या.”

पहिला दिवस : अंबाझरी

पहाटे शहरावर धुके होते आणि थंडी चांगलीच बोचत होती. अंबाझरी तलावाचा बंधारा शहराच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला आहे. त्यामुळे सकाळी बंधाऱ्यावरून पश्चिमेला तोंड करून उभे राहिले की सूर्य पाठीशी राहतो आणि पाण्यावरचे पक्षी उजेडात दिसतात. संध्याकाळी हीच जागा निरुपयोगी ठरते, कारण समोरून ऊन येते आणि प्रत्येक पक्षी काळा दिसतो. सारख्या जाती ओळखायच्या असतील तर कोणत्या वेळी कोणत्या काठावर उभे राहायचे, हे दुर्बिणीच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे आहे.

धुके विरळ झाले तसे काठावरचे पांढरे बगळे दिसू लागले. नागपूरच्या परिसरात पांढरे बगळे चार प्रकारचे आढळतात आणि आकारावरून त्यांची वाटणी करायला गेले की घोळ होतो, कारण शेजारी दुसरा पक्षी नसेल तर लहान-मोठे ठरवायचे कशावरून? गाय बगळा आखूड पिवळ्या चोचीवरून आणि हनुवटीखालच्या भरीव पिसांवरून लगेच वेगळा निघतो. तो पाण्यापेक्षा गुरांच्या पायांशी आणि नांगरटीत अधिक दिसतो. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पायाची बोटे मात्र पिवळी असतात. फिरायला आलेल्या एका काकूंनी थांबून “काय दिसून राहिलं जी?” असे विचारले, तेव्हा सरांनी त्यांच्या हाती दुर्बीण दिली. लहान बगळ्याने चिखलातून पाऊल वर उचलले आणि काकू उद्गारल्या, “अगं बाई, बोटं हळदीत बुडवल्यावानी आहेत की!” रोज या बंधाऱ्यावरून फिरणाऱ्या त्या बाईंना बगळा नवीन नव्हता, पण त्याची बोटे त्यांनी त्या दिवशी प्रथम पाहिली आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे त्या आमच्याबरोबरच थांबल्या.

खरी परीक्षा मोठा बगळा आणि मध्यम बगळा यांची असते. हिवाळ्यात दोघांचीही चोच पिवळी, पाय काळे, अंग पांढरे. मध्यम बगळ्याच्या चोचीचे टोक बरेचदा काळसर असते, पण दुरून ते दिसेलच असे नाही. पाहायची ती जबड्याची रेघ. चोच जिथे संपते तिथून एक बारीक गडद रेघ मागे जाते. मध्यम बगळ्यात ती डोळ्याखाली थांबते आणि मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. सांडव्याजवळ एक बगळा निश्चल उभा होता. आम्ही दुर्बीण त्याच्या डोळ्यावर रोखून धरली. त्याने मान एकाएकी सरळ केली, चोच पाण्यात गेली आणि बोटभर लांबीची मासळी आडवी धरून वर आली. ती सुलटी करून गिळण्यासाठी त्याने तोंड उघडले, तेव्हा ती फट डोळ्याला ओलांडून पार मागे गेलेली स्पष्ट दिसली. पिवळसर डोळा, त्यापुढची हिरवट कातडी, आणि डोळ्याच्या मागे निमुळती होत गेलेली ती रेघ, एवढे सगळे एका क्षणात नजरेत भरले. तो मोठा बगळा होता. एक पथ्य येथे सांगायला हवे. विणीच्या हंगामात मोठ्या बगळ्याची चोच काळी होते, म्हणून केवळ चोचीच्या रंगावर विसंबून लहान-मोठा ठरवू नये. जबड्याची रेघ मात्र बारा महिने तीच असते.

पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. छोटा पाणकावळा आणि भारतीय पाणकावळा एकाच फांदीवर शेजारी मिळाले, हे आमचे भाग्य. छोट्याची चोच आखूड, कपाळ उभे आणि शेपटी अंगाच्या मानाने लांब. भारतीय पाणकावळ्याची चोच लांब, सडपातळ आणि टोकाशी आकडेदार असते, डोके चपटे वाटते आणि डोळा निळसर हिरवा असतो. ऊन त्या डोळ्यावर पडले की तो दुरूनही चमकतो. मोठा पाणकावळा त्या दिवशी नव्हता. तो बांध्याने भारदस्त असतो आणि त्याच्या चोचीच्या बुडाशी पिवळी कातडी व तिच्यामागे पांढरा गाल असतो.

बंधाऱ्याच्या दगडांवर धोबी पक्षी शेपट्या हलवत फिरत होते. पांढरा धोबी आणि मोठा धोबी यांच्यात कपाळ पाहावे. पांढऱ्या धोब्याचे कपाळ आणि चेहरा पांढरा असतो. मोठ्या धोब्याचे डोके काळे असून त्यावर फक्त पांढरी भुवई उमटलेली असते, कपाळ कधीही पांढरे नसते. पिवळा आणि करडा धोबी पोटाकडून दोन्ही पिवळे दिसतात, तेव्हा नजर पायांवर न्यावी. पिवळ्या धोब्याचे पाय काळे असतात. करड्या धोब्याचे पाय फिकट गुलाबी आणि शेपटी फारच लांब असते.

दहाच्या सुमारास भूक अनावर झाली. नागपुरात सकाळी तर्री-पोहे खाल्ले नाहीत तर सकाळ झाली असे वाटतच नाही. पोह्यांवर काळ्या हरभऱ्याचा तिखटजाळ लाल रस्सा, वर कांदा आणि लिंबाची फोड. गाडीवाल्या भाऊंनी आमच्या गळ्यातल्या दुर्बिणी पाहून न मागता तर्री कमी घातली, आणि सरांनी ती पुन्हा वाढायला लावली. थंडीत तीन तास उभे राहिल्यावर तिची चव काही वेगळीच लागते.

दुसरा दिवस : पारडगाव

उमरेड रस्त्याने सकाळी अंधारातच निघालो. पारडगावचा तलाव पट्टकादंब हंसांसाठी पक्षीनिरीक्षकांत परिचित आहे. मध्य आशिया, तिबेट आणि लडाखकडच्या उंच प्रदेशात वीण करून हे हंस हिमालय ओलांडतात आणि हिवाळा आपल्याकडच्या तलावांवर काढतात. त्यांच्या पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन आडवे काळे पट्टे असतात, इतकी ठळक खूण असताना चुकण्याचा प्रश्नच येऊ नये असे वाटते. पण पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांच्या डोक्यावर हे पट्टे स्पष्ट उमटलेले नसतात, आणि त्याच तलावावर राखी हंसही उतरले असतील तर दुरून पाहणाऱ्याला संभ्रम पडतो. उपाय पुन्हा तोच : चोच आणि पाय. पट्टकादंबाची चोच व पाय पिवळे-नारिंगी असतात आणि चोचीच्या टोकाशी काळा ठिपका असतो. राखी हंसाची चोच जाड व गुलाबी असते आणि पायही गुलाबी असतात. आम्हाला दिसलेल्या थव्यात पट्टे नसलेली काही पिल्ले होती. ती काठावर चरायला आली तेव्हा सगळ्यांचे पाय पिवळे-नारिंगी आढळले, म्हणून सगळा थवा पट्टकादंबांचाच नोंदवला.

तलावावर होडी लावणारे एक ढीवर दादा जाळे झटकत होते. हंस दिवसा पाण्यावर दिसतात, मग खातात कधी, असे आम्ही त्यांना विचारले. “रातच्याला वावरात उतरते ना जी,” ते म्हणाले, “गव्हात, चण्यात. सकाळी पाहा, पायाचे ठसे दिसते. शेतकरी बोंब मारते, पण कोणी हात नाही लावत.” त्यांनी आम्हाला काठावरची एक जागा दाखवली, जिथून झुडपाच्या आडोशाने थव्याला न बिचकवता जवळ पोहोचता येत होते. पाखरांची नावे त्यांना ठाऊक नव्हती असे नाही, पण ती नावांपेक्षा पोहण्यावरून सांगण्याची त्यांची पद्धत होती : हा डुबी मारते, हा नुसती शेपूट वर करते, हा चोच पाण्यात फिरवत जाते. बदकांची वर्गवारी पुस्तकातही याच क्रमाने सुरू होते.

बदकांमध्ये नर ओळखणे सोपे असते, माद्या ओळखणे कठीण. थापट्या, गडवाल, तलवार बदक, चक्रांग आणि भुवई बदक या पाचही जातींच्या माद्या तपकिरी, खवल्यांसारख्या नक्षीच्या असतात. त्यांच्यात थापट्याची मादी सर्वांत सोपी, कारण तिची रुंद, फावड्यासारखी चोच डोक्याहून लांब दिसते. तलवार बदकाची मादी लांब सडपातळ मान, करडी चोच आणि टोकदार शेपटी यांवरून कळते. गडवालच्या मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी असतात आणि तिने पंख उघडला की शरीरालगत एक पांढरा चौकोन दिसतो. पंखावर असा पांढरा तुकडा या पाचांत दुसऱ्या कोणाच्या नाही. चक्रांग आणि भुवई बदक दोन्ही लहान. चक्रांगाच्या मादीचा चेहरा साधा आणि पंखावरचा तुकडा चकाकता हिरवा, तर भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर डोळ्यातून जाणारी गडद रेघ, तिच्यावर फिकट भुवई आणि चोचीच्या बुडाशी फिकट ठिपका असा स्पष्ट पट्टेरीपणा असतो. हे सगळे लक्षात ठेवण्याचा एक चांगला मार्ग सरांनी सांगितला. नर-मादी जोडीने पोहत असतात, तेव्हा नरावरून जात नक्की करायची आणि मग उरलेला सगळा वेळ त्याच्या मादीकडे पाहत राहायचे.

हळदी-कुंकू बदक येथले रहिवासी. त्यांच्यात नर-मादी जवळजवळ सारखे असतात, त्यामुळे तपकिरी माद्यांच्या गर्दीत ते मिसळून जातात. पण काळ्या चोचीचे पिवळे टोक आणि बुडाशी लाल ठिपके एवढे दिसले की शंका उरत नाही.

उथळ चिखलात तुताऱ्या होत्या, आणि येथे मात्र तासभर गेला. ठिपकेदार तुतारी, हिरवी तुतारी आणि सामान्य तुतारी यांना एकाच नजरेत वेगळे काढणे नवख्याला अशक्य वाटते. ठिपकेदार तुतारीची फिकट भुवई डोळ्याच्या बरीच मागे जाते, पाठीवर दाट फिकट ठिपके असतात आणि पाय पिवळसर असतात. हिरव्या तुतारीची भुवई डोळ्यापाशी संपते, पाठ एकसारखी गडद दिसते आणि पाय हिरवट असतात. ती उडाली की खालून पंख काळपट आणि कमरेचा भाग लख्ख पांढरा दिसतो. ठिपकेदार तुतारीचे पंख खालून फिकट असतात. सामान्य तुतारी उभी असताना शेपटीचा भाग सतत वरखाली करत असते, तिच्या मिटलेल्या पंखापुढे खांद्यापाशी छातीचा पांढरा रंग पाचरीसारखा वर चढलेला असतो, आणि उडताना ती पाण्याला लागून पंख ताठ ठेवून झटके दिल्यासारखी जाते. आमच्यातल्या एकाला भुवईची लांबी दिसेना, तेव्हा सरांनी त्याला भुवई सोडून फक्त उड्डाणाकडे पाहायला सांगितले. पाच-सहा पक्षी उडताना पाहिल्यावर बसलेल्या पक्ष्याची भुवईही त्याला दिसू लागली.

त्यांच्याच पायांशी टिलवे, म्हणजे तुतारीहूनही लहान पाणपक्षी, धावत होते. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. पण पायांना चिखल लागलेला असतो, म्हणून पक्षी पाण्यातून बाहेर येईपर्यंत थांबावे. चिखल्यांमध्ये छोट्या कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवती पिवळे कडे आणि छातीवर पूर्ण पट्टा असतो. केंटिश चिखल्याचा छातीचा पट्टा मध्ये तुटलेला असतो, पाय गडद असतात आणि डोळ्याभोवती कडे नसते.

दुपारी आभाळ भरून आले. जवळच्या शेतावर सरांच्या ओळखीच्या घरी जेवण ठरले होते : पाटोडी रस्सा, ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा. जेवण आटोपते तोच विदर्भातला हिवाळी अवकाळी पाऊस कोसळला. शेतावरच्या आजी ओसरीवर बसून गव्हाकडे पाहत होत्या आणि सारखे म्हणत होत्या, “आता गारा नको येऊ दे रे देवा.” गारा आल्या नाहीत. तासाभराने पाऊस थांबला, पण तलावाकडे जाणारी वाट चिखलाने बंद झाली होती, म्हणून आम्ही तेथूनच परतलो. या भागात जाताना जुने बूट आणि कोरड्या मोज्यांची एक जोडी जवळ ठेवावी. काळ्या मातीत चाकेही रुततात, तेव्हा गाडी डांबरी रस्त्यावरच उभी करणे शहाणपणाचे.

तिसरा दिवस : हिंगण्याकडचा माळ

पावसाने हवा धुऊन निघाली होती. धुके नव्हते, थंडी वाढली होती आणि लांबवरचे स्वच्छ दिसत होते. हिंगण्याकडच्या मोकळ्या माळावर आम्ही गेलो ते टिटव्यांसाठी. आपल्या नेहमीच्या टिटवीच्या डोळ्यापुढे लाल कातडी असते, चोच लाल व टोकाशी काळी असते आणि गळा व छाती काळी असते. माळटिटवीच्या डोळ्यापुढे पिवळी लोंबती कातडी, डोक्यावर काळी टोपी, तिच्याखाली पांढरी रेघ आणि छाती मातकट तपकिरी. दोघींचे पाय पिवळे, त्यामुळे येथे पायांचा उपयोग नाही. एरवी टिटवी पाण्याजवळ आणि माळटिटवी कोरड्या जागी असते, पण आदल्या दिवशीच्या पावसाने माळावर डबकी साचली होती आणि दोन्ही एकाच डबक्याच्या दोन काठांवर उभ्या होत्या. अधिवास ही ओळखीची मोठी खूण असली तरी ती शेवटची खूण मानू नये, हे त्या डबक्याने दाखवले.

चंडोल आणि तिरचिमणी यांच्यावर बराच वेळ गेला. दोन्ही मातकट, रेघाळ, जमिनीवर धावणाऱ्या. तिरचिमणीची चोच बारीक, किडे टिपायला योग्य अशी, अंग उभे आणि शेपटी लांब. चंडोलाची चोच जाडसर, दाणे फोडणारी, अंग जमिनीलगत. तिरचिमणी धावून थांबली की शेपटी हलवते. कोणती तिरचिमणी, या प्रश्नात आम्ही शिरलो नाही, कारण त्यासाठी मागच्या नखीची लांबी आणि आवाज दोन्ही हवे होते, आणि वारा आवाज वाहून नेत होता.

अकराच्या सुमारास एक भोवत्या, म्हणजे माळावर फिरणारा शिकारी पक्षी, गवतावरून पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर धरून तरंगत गेला. अंग तपकिरी, कंबर पांढरी, म्हणजे मादी किंवा पिल्लू. फिकट भोवत्याच्या मादीच्या गडद गालामागे मानेभोवती फिकट पट्टी पूर्ण फिरलेली असते. माँटेग्यूच्या भोवत्याची मादी असेल तर ती पट्टी अस्पष्ट असते आणि डोळ्याभोवती पांढरे अधिक दिसते. पक्षी दोनदा आमच्या समोरून गेला, पण दोन्ही वेळा चेहरा उन्हाच्या विरुद्ध बाजूला होता. सरांनी वहीत ‘भोवत्या, पांढऱ्या कंबरेचा, मादी अथवा पिल्लू’ असे लिहिले आणि पान उलटले. अशी अर्धी नोंद खोट्या पूर्ण नोंदीपेक्षा कितीतरी मोलाची असते, आणि जे लोक पक्ष्यांच्या नोंदी इतरांसाठी उपलब्ध करून देतात त्यांनी हे फार मनावर घ्यायला हवे असे मला वाटते.

रात्री सावजी जेवण झाले. त्याबद्दल इतकेच सांगतो की पहिल्यांदा खाणाऱ्याने रस्सा भातावर थोडा थोडा घ्यावा.

चौथा दिवस : गोरेवाडा

गोरेवाड्याचे आंतरराष्ट्रीय प्राणिसंग्रहालय २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाल्यापासून तेथे गर्दी वाढली आहे, परंतु पक्षीनिरीक्षकाचे लक्ष तलावाकाठच्या आणि जंगलातल्या वाटांवर असते. प्रवेशाच्या वेळा व मार्ग बदलत असतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करून जावे. साग, धावडा आणि पळसाच्या या पानगळी जंगलात जानेवारीच्या शेवटी पाने विरळ होऊ लागतात आणि पक्षी फांदीवर उघडे दिसतात, हा मोठा फायदा आहे.

सुरुवातीलाच बुलबुलांचा आणि शिंप्यांचा एकच कालवा ऐकू आला. अशा कालव्याचा अर्थ शिकारी पक्षी जवळ आहे असा होतो. एका सागाच्या आडव्या फांदीवर राखाडी पाठीचा, पट्टेरी शेपटीचा, कबुतराएवढा पक्षी बसला होता आणि लहान पक्षी त्याच्यावर झेप घेत होते. शिक्रा म्हणावे असेच सगळे होते. सरांनी हळूच विचारले, “चोच कशी आहे?” चोच सरळ होती, टोकाला किंचित बाक, पण शिकाऱ्याचा आकडा नव्हता. डोळ्याभोवती पिवळे कडे होते. पक्षी उभा ताठ बसला नव्हता, अंग आडवे टाकून पंख थोडे सैल सोडून बसला होता. पाय आखूड होते आणि दुर्बिणीतून त्याची दोन बोटे फांदीच्या पुढून व दोन मागून वळलेली दिसली. शिक्र्याची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते, पाय लांब, उघडे व पिवळे असतात, आणि हनुवटीपासून गळ्यावर एक बारीक करडी रेघ उतरते. समोर बसलेला पक्षी पावशा होता. उन्हाळ्यात ‘पेर्ते व्हा’ ऐकू येते तेव्हा त्याला कोणीही ओळखतो, पण हिवाळ्यात तो मुका असतो आणि लहान पक्षीसुद्धा त्याला शिक्रा समजून ओरडतात. पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालते, आणि शिक्र्यासारखे दिसण्याने घरट्याच्या मालकांना पिटाळून लावायला मदत होत असावी असे अभ्यासक मानतात. अर्ध्या तासाने वाटेच्या वळणावर खरा शिक्राही भेटला, वाळक्या खोडावर ताठ बसलेला, तांबड्या डोळ्यांचा नर. दोघांना एकाच सकाळी पाहण्याने जो फरक मनात ठसला, तो चित्रांवरून इतका ठसला नसता.

नाल्याकाठच्या झाडीत लिटकुरी, म्हणजे लाल कंठाचे माशीमार, होते. येथे दोन जाती येतात आणि पूर्वी त्यांना एकाच जातीच्या दोन उपजाती मानत असत. दोघांचीही शेपटी काळी, तिच्या बुडाशी दोन बाजूंना पांढरे तुकडे, आणि ती वर उडवण्याची सवयही सारखी. तैगा माशीमाराची चोच पूर्ण काळी असते आणि शेपटीच्या बुडावरची पिसे शेपटीइतकीच किंवा त्याहून काळी असतात. लाल छातीच्या माशीमाराच्या खालच्या चोचीचे बूड फिकट असते आणि शेपटीवरची ती पिसे तपकिरीकडे झुकतात. लाल छातीच्या नराचा नारिंगी रंग हिवाळ्यातही राहतो, तैगाच्या नराचा सहसा जातो. आम्ही पाहिलेल्या पक्ष्याने शेपटी उडवली तेव्हा बुडाची पिसे गडद काळी दिसली, चोचीलाही फिकटपणा नव्हता, आणि त्याची कोरडी, वेगाने वाजणारी टरटर तैगाची होती. तीन स्वतंत्र खुणा जुळल्यावरच सरांनी नाव लिहिण्याची परवानगी दिली.

संध्याकाळी परतताना पिंगळे ओरडू लागले. साधा पिंगळा तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला, पांढऱ्या भुवयांचा. रान पिंगळ्याच्या अंगावर ठिपक्यांऐवजी डोक्यापासून बारीक आडव्या रेघा असतात, डोके गोल दिसते आणि भुवया ठळक नसतात. दोन्ही ऐकले, एक पाहिला : वाटेकडेच्या ढोलीतून बाहेर डोकावणारा साधा पिंगळा.

तेथे उभ्या-उभ्या सरांनी वनपिंगळ्याची, म्हणजे रान पिंगळ्याहून वेगळ्या अशा तिसऱ्या जातीची, हकीकत सांगितली. पक्षीतज्ज्ञ अॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा नमुना मिळाला नाही. १९१४ मध्ये आपण एक नमुना मिळवला असा दावा ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी केला होता. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसन यांनी मिळवलेला, चोरून नवी चिठ्ठी लावलेला नमुना असल्याचे उघड झाले. खोटी जागा आणि खोटे वर्ष बाजूला काढल्यावर खऱ्या नमुन्यांच्या जागांवर शोध घेता आला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ वनपिंगळा जिवंत दिसला. पुढे मेळघाटात त्याची चांगली वस्ती असल्याचे आढळले. इतकी वर्षे तो नजरेतून निसटत राहिला, याचे एक कारण साध्या पिंगळ्याशी असलेले साम्य हेही आहे.

पुढच्या हिवाळ्यात सरांबरोबर मेळघाटला जायचे ठरले आहे. त्यासाठी त्यांनी आमच्या वहीत चार गोष्टी लिहून दिल्या आहेत, आणि कोणी तिकडे जाणार असेल तर त्यालाही त्या उपयोगी पडतील. वनपिंगळा दिवसाही उघड्या फांदीवर बसतो, तेव्हा सकाळच्या उन्हात शोधावा. डोक्यावर ठिपके जवळपास नसतात. छाती जवळजवळ सलग तपकिरी आणि तिच्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा असतो. पाय बोटांपर्यंत दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात, आणि शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद असतात.